ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डेसाठी रस्त्यावर चालणारे स्पर्धेचे टायर कसे निवडावेत

ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत कोन मांडून आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्ध एकेक गाडी चालवायची स्पर्धा) किंवा ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) जायला लागलं की थोड्याच दिवसांत डोक्यात टायरचा किडा वळवळायला लागतो. लागणारच. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, स्टीअरिंगचं वळण, सगळं शेवटी जमिनीला पोचतं ते चार छोट्या रबरी पट्ट्यांतून. गाडीत बाकी काही न बदलता नुसते टायर बदलले तरी लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका चकरेची, वेळ सेकंदांनी खाली येते. तेवढ्याच वेळासाठी इंजिनावर खर्च करायला गेलात तर खिसा मोकळा होईल.

घोळ होतो तो निवड करताना. नवखा माणूस विचारतो, "सगळ्यात जास्त ग्रिप कुठल्या टायरला?" त्याच्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: हा टायर किती लवकर तापतो, आणि तापल्यावर किती वेळ दम धरतो? स्पर्धेच्या रबराचं सगळं गणित उष्णतेभोवती फिरतं. एका माणसाने डोक्यावर घेतलेला टायर दुसऱ्याच्या गाडीवर तिसऱ्या लॅपलाच पाघळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. खालच्या पायऱ्या वाचताना हा धागा हातात ठेवा.

सुरुवातीला आहेत तेच टायर वापरा

टायर निवडायच्या लेखात "आत्ता घेऊ नका" हा सल्ला विचित्र वाटेल, पण मी तो ठामपणे देतो. पहिले काही इव्हेंट गाडीवरच्या चांगल्या रोड टायरवर करा. चांगले म्हणजे भेगा नसलेले, फुगे नसलेले, पुरेसा ट्रेड (जमिनीला टेकणारा खाचांचा थर) शिल्लक असलेले. गोटा झालेले किंवा वयाने कडक पडलेले टायर याला चालणार नाहीत.

याचं कारण असं की साधा रोड टायर बोलका असतो. मर्यादा जवळ आली की तो आधी कुरकुरतो, मग किंचाळतो, मग हळूहळू घसरतो. तुम्ही कोपऱ्यात जास्त वेगात शिरलात, स्टीअरिंग जास्त ओढलं, ब्रेक उशिरा सोडला, हे सगळं तो कानाला सांगतो आणि सावरायला वेळही देतो. स्पर्धेचा मऊ टायर बराच वेळ गप्प राहतो. चालवण्यातल्या चुका तो ग्रिपच्या जोरावर पोटात घालतो आणि सुटतो तेव्हा जास्त वेगात आणि जास्त अचानक सुटतो.

दुसरी गोष्ट गाडीची. ग्रिप वाढली की ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश यांच्यावर ताण वाढतो. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि काही इंजिनांत पंपाला ते मिळेनासं होतं. म्हणून स्पर्धेच्या टायरआधी ताजं, जास्त तापमान सोसणारं ब्रेक फ्लुइड आणि ट्रॅकला चालतील असे ब्रेक पॅड. हा क्रम उलटा करू नका.

पायरी १: नियमावली वाचा, मग टायरची साइडवॉल वाचा

तुम्ही ज्या गटात गाडी चालवणार त्याची नियमावली आधी उघडा. बहुतेक गटांत टायरवर तीन-चार अटी असतात: ट्रेडवेअरचा (टायर किती हळू झिजतो हे सांगणारा, साइडवॉलवर छापलेला; तपशील पायरी ३ मध्ये) किमान आकडा, कधी कमाल रुंदी, रस्त्यावर वापरायची मान्यता, आणि काही ठिकाणी चालणाऱ्या किंवा न चालणाऱ्या टायरांची नावानिशी यादी. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट गटाला किमान २०० ट्रेडवेअर लागतं. हाच आकडा इतरही अनेक आयोजकांनी उचलला आहे, त्यामुळे "दोनशेचे टायर" ही जणू वेगळी जातच तयार झाली आहे. नुसत्या ट्रॅक डेला, जिथे स्पर्धा नसते, तिथे सहसा अशी अट नसते. तिथे टायरची अवस्था तपासतात आणि सोडतात.

मग साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत. डीओटीचा शिक्का म्हणजे अमेरिकेच्या सुरक्षा मानकांना धरून बनवल्याची कंपनीची ग्वाही. गोलात किंवा चौकटीत ई हे अक्षर आणि शेजारी आकडा म्हणजे युरोपीय नियमांखालची मान्यता. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथे कुठला शिक्का ग्राह्य आहे ते बघा. फक्त शिक्का बघून मात्र थांबू नका. हूझियरच्या ए७ आणि आर७ या टायरांवर डीओटीचा शिक्का असतो, तरी ते रोजच्या रस्त्यासाठी नाहीत असं कंपनी स्वतःच सांगते. शिक्का असणं आणि त्या टायरवर पावसात घरी जाता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साइझच्या शेवटी जो आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ९१डब्ल्यू, तोही वाचा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो वजनाची परवानगी, ९४ म्हणजे ६७० किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यू २७०, वाय ३००. कारखान्याने दिलेल्या वजनक्षमतेच्या खाली जाऊ नका. ट्रॅकवर वळणात बाहेरच्या चाकावर गाडीचं वजन किती लोटलं जातं याचा विचार केला तर ही अट कागदी वाटणार नाही.

पायरी २: तुमचा टायर किती वेळ गरम राहणार ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

ऑटोक्रॉसची एक फेरी साधारण ४० ते ७० सेकंदांची. गाडी रांगेत उभी, टायर थंड, झेंडा पडतो, आणि वाट आखणाऱ्या पहिल्याच कोनपाशी पूर्ण ग्रिप हवी. तापायला वेळच नाही. फेरी संपली की पुन्हा बराच वेळ उभं राहायचं, टायर पुन्हा निवतो. म्हणजे इथे जो टायर थंड असतानाच चिकटतो तो जिंकतो. तो वीस मिनिटं टिकतो की नाही याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. याला अपवाद एकच: एकाच गाडीत दोन ड्रायव्हर असले तर फेऱ्या पाठोपाठ होतात आणि टायर तापत जातो. मग लोक हाताने दाबायच्या फवारणी पंपातून टायरवर पाणी मारताना दिसतात. तो दिखावा नसतो, त्याचा खरंच उपयोग होतो.

ट्रॅक डेचं उलटं. एक सत्र बहुधा १५ ते २० मिनिटांचं, कधी जास्त. पहिला लॅप टायर तापवण्यात गेला तरी चालतं, पण पाचव्या-सहाव्या लॅपला रबर पाघळायला लागलं तर उरलेलं सत्र वाया. गाडी पुढच्या चाकांवर ढकलत बाहेर जाते, ब्रेकिंगची खूण दर लॅपला मागे आणावी लागते, आणि टायर डोळ्यांदेखत झिजतो.

हूझियरने या दोन गरजांसाठी दोन वेगळे टायर काढले ते यामुळेच. ए७ ऑटोक्रॉससाठी, पटकन तापणारा. आर७ ट्रॅकवरच्या लांब सत्रांसाठी. एकाच कंपनीला दोन्ही कामं एका रबरात बसवता येत नसतील, तर जाहिरातीतल्या "सर्वगुणसंपन्न" टायरकडे जरा संशयानेच बघावं.

आता स्वतःला विचारा: येत्या वर्षात तुम्ही कशाला जास्त जाणार? "दोन्ही" हे उत्तर असेल तर ट्रॅककडे झुकणारा टायर घ्या. तो ऑटोक्रॉसला पहिल्या फेरीत थोडा मागे पडेल, बाकी काही बिघडत नाही. ऑटोक्रॉसचा टायर ट्रॅकवर नेलात तर तो एका दिवसात अर्धा संपवून आणाल.

पायरी ३: ट्रेडवेअरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते समजून घ्या

हा आकडा येतो कुठून? अमेरिकी नियमांनुसार टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ सुमारे ६४० किलोमीटरचा एक ठरलेला मार्ग आहे. त्यावर गाड्यांचा ताफा एकूण ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किलोमीटर चालवतात. सोबत तुलनेसाठी एक प्रमाण टायर असतो. झीज मोजून आकडा काढतात. १०० च्या मानाने २०० चा टायर त्या मार्गावर दुप्पट चालावा, एवढाच त्याचा अर्थ. आकडा छापते ती कंपनीच.

त्या मार्गावर कोणी टायर किंचाळेपर्यंत वळत नाही. त्यामुळे रबर १०० अंशांना कसं वागतं, हे त्या आकड्यातून कळायचा मार्गच नाही. शेजारी छापलेली ट्रॅक्शनची श्रेणी, एए, ए, बी किंवा सी, ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजलेली असते. वळणातली ग्रिप त्यात नाही.

परिणाम काय, तर योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस आणि हँकूक व्हेंटस आरएस४, तिघांवरही २०० लिहिलेलं असतं आणि तिघांचा स्वभाव वेगळा. ए०५२ जवळजवळ थंडच चिकटतो, ऑटोक्रॉसवाल्यांचा लाडका आहे, पण ट्रॅकवर लवकर तापून ढिला पडतो आणि भराभर झिजतो. आरई-७१आरएसही पटकन जागा होतो. तोही दीर्घायुषी म्हणून ओळखला जात नाही. आरएस४ ला तापायला वेळ लागतो, पहिल्या फेरीत तो लाकडी वाटेल, पण एकदा तापला की लॅपमागून लॅप सारखाच वागतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत तो इतका दिसतो ते त्याच्या या गुणामुळे. आकडा तुम्हाला गटात प्रवेश मिळवून देतो. टायर निवडायला तो कामाचा नाही.

पायरी ४: आपली पायरी ओळखून प्रकार निवडा

ढोबळमानाने तीन थर आहेत.

पहिला थर म्हणजे उत्तम उन्हाळी रोड टायर, उदाहरणार्थ मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, ज्याचं ट्रेडवेअर ३०० आहे. रोज ऑफिसला, पावसात, हायवेला बिनधास्त. वर्षातून एखाद-दोन ट्रॅक डे करणाऱ्याने यापुढे जायची गरज नाही. जोरात हाणला तर ट्रेडचे ठोकळे तापतात आणि कडा गोल होतात, इतकंच.

दुसरा थर म्हणजे वर सांगितलेले दोनशेवाले. नवख्याने पहिल्यांदा पैसे घालायचे ते इथे. रस्त्यावर चालतात, पावसात घरी आणतात, ग्रिप मात्र पहिल्या थरापेक्षा सरळ वेगळ्या दर्जाची.

तिसरा थर: शंभर आणि त्याखालचे, टोयो प्रॉक्सेस आर८८८आर सारखे, ज्याचं ट्रेडवेअर १०० आहे. कायद्याने रस्त्यावर चालतात, पण खाचा कमी, आवाज मोठा, बारीक खडी उचलून मडगार्डच्या आत ताशासारखी वाजवत नेणारे. साचलेल्या पाण्यात यांच्यावर भरवसा ठेवू नये. या थराचा खरा फायदा घ्यायला सस्पेन्शन, कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा आत-बाहेर कल) आणि ड्रायव्हर तिघेही तयार लागतात. मूळ सस्पेन्शनवर हे टायर लावले की गाडी कलते, टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेडच्या कडेवर, उभी राहते, आणि अर्धा टायर कामच करत नाही.

पायरी ५: साइझचं गणित

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप, हे अर्धसत्य आहे. रिम रुंद नसेल तर रुंद टायर त्यावर फुग्यासारखा बसतो, साइडवॉल डुलते आणि स्टीअरिंगला उत्तर उशिरा मिळतं. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक साइझसाठी चालणाऱ्या रिमची रुंदी दिलेली असते. २२५/४५ आर१७ ला साधारण ७ ते ८.५ इंच, २४५/४० आर१७ ला ८ ते ९.५ इंच. स्पर्धेसाठी या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडची रिम बरी, कारण साइडवॉल ताणलेली राहते. तुमची रिम ७.५ इंची असेल तर २४५ चा हट्ट सोडा आणि २२५ घ्या.

उंचीही तपासा. २२५/४५ आर१७ ची साइडवॉल २२५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. त्यात दोन्ही बाजूंची साइडवॉल मिळवली की व्यास आला सुमारे ६३४. तेच २४५/४० आर१७ ला सुमारे ६२८. फरक एक टक्क्याचा. गिअरिंग नावाला आखूड होईल, स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवेल, एबीएस कुरकुर करणार नाही. फरक तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या व्यासात तफावत अजिबात नको, ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियल त्याची किंमत वसूल करतात.

शिवाय एकाच छापील साइझचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारख्या रुंदीचे नसतात. स्पर्धेचे टायर बहुधा चौकोनी खांद्याचे आणि भरलेले असतात. एक चाक लावून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, टायर आणि स्ट्रट (चाकाच्या आतल्या बाजूचा सस्पेन्शनचा उभा दांडा) यांच्यात बोट जातंय का बघा, गाडी दाबून मडगार्डच्या आतलं अस्तर घासतंय का बघा. ट्रॅकवर सस्पेन्शन घराजवळच्या खड्ड्यापेक्षा जास्त दबतं.

पायरी ६: घेताना तारीख वाचा

डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा साइडवॉलच्या एकाच बाजूला असतो आणि टायर बसवल्यावर ती बाजू आत गेली तर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावं लागतं. म्हणून बसवायच्या आधीच चारही टायर जमिनीवर आडवे ठेवून वाचून घ्या. मऊ रबर वापरलं नाही तरी कडक होत जातं, तेव्हा दोन वर्षं गोदामात पडलेला टायर मोठ्या सवलतीत मिळाला तरी शिकण्यापुरताच घ्यावा.

चारही टायर एकाच मॉडेलचे आणि जवळपासच्या तारखांचे हवेत. पुढे चिकट आणि मागे साधे असा प्रयोग करू नका, विशेषतः नवखे असताना. मागची बाजू आधी सुटणारी गाडी शिकवत नाही, घाबरवते.

वापरलेले टायर? रेसवाल्यांकडून ट्रेड चांगला दिसणारे संच स्वस्तात मिळतात. तापून निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात रबर थोडं थोडं कडक होतं, आणि हे फेरे डोळ्यांना दिसत नाहीत. अंगठ्याचं नख ट्रेडच्या ठोकळ्यात रुतवून बघा. नव्या टायरच्या मानाने ते अजिबात आत जात नसेल तर उरलेल्या ट्रेडला फारसा अर्थ नाही.

परवडत असेल तर या टायरांसाठी वेगळ्या रिमचा संच ठेवा. रोजच्या प्रवासात हे रबर फुकट झिजतं, आणि प्रत्येक वेळी टायर उतरवणं-चढवणं साइडवॉलच्या कडेला मानवत नाही.

पायरी ७: पहिला दिवस सबुरीने

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिलेला असू शकतो, त्यामुळे पहिले काही किलोमीटर ते घसरडे असतात. ते रस्त्यावर शांतपणे काढा. मग पहिल्या ट्रॅक सत्रात वेग लॅपगणिक वाढवा, टायर पूर्ण तापू द्या, हळू लॅप मारून आत या आणि शक्य असेल तर त्या टायरांना एक दिवस विश्रांती द्या. शंभरच्या खालच्या टायरांना याचा फायदा जास्त, दोनशेवाल्यांना कमी.

अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या. मूळ मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत पुढे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) बहुधा एका अंशाच्या आतबाहेर असतो. चिकट टायरला दोन ते तीन अंश लागतात. मूळ बोल्टमधली ढील वापरून किंवा कॅम्बर बोल्ट टाकून जितका मिळेल तितका घ्या. नव्या टायरांचं आयुष्य यावर जितकं अवलंबून आहे तितकं दुसऱ्या कशावरही नाही.

पायरी ८: हवा

फुकटात मिळणारा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि बहुतेक नवखे इथेच आळस करतात.

टायरमधली हवा तापली की दाब वाढतो. ढोबळ हिशोब असा की दर ६-७ अंश सेल्सिअसला एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). वीस अंशांना ३० पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ७० अंशांवर गेली की गेज ३७-३८ दाखवेल. म्हणून ट्रॅकवर थंड आकडा हे फक्त साधन, लक्ष्य असतो गरम आकडा. मध्यम वजनाच्या गाडीला दोनशेवाल्या टायरवर गरम ३४ ते ३८ पीएसआय ही सुरुवातीची जागा समजा, हलक्या गाडीला त्याहून कमी. कंपनीने स्वतःचा आकडा दिला असेल तर तो प्रमाण.

ट्रॅकवर करायचं ते असं. सकाळी दारावरच्या स्टिकरवरचा आकडा भरून निघा. सत्र संपवून आत आलात की हेल्मेट काढायच्या आधी गेज हातात घ्या, कारण दाब लगेच उतरायला लागतो. चारही टायर मोजा, वहीत लिहा आणि जास्तीची हवा सोडून लक्ष्यावर आणा. डावी-उजवी बाजू सारखी येणार नाही. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात आणि डावे टायर जास्त तापतात. मोजाल तेव्हा चारही सारखे गरम आकडे हवेत; थंड असताना मग ते वेगवेगळे असले तरी बिघडत नाही.

ऑटोक्रॉसला दाब फारसा चढत नाही, तिथे खडू कामाला येतो. ट्रेडच्या काठापासून साइडवॉलवर उतरणारी खडूची जाड रेघ प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मारा. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. फेरीनंतर खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर दाब बरोबर. त्रिकोणाच्या खाली पुसला गेला तर टायर साइडवॉलवर लोळतोय, दोन पीएसआय भरा. त्रिकोणाच्या बराच वर खडू शाबूत असेल तर कडेचं रबर वापरलंच जात नाहीये, एक-दोन सोडा.

पुढची पायरी म्हणजे टायरचं तापमान मोजणारा पायरोमीटर. इन्फ्रारेडचा स्वस्त असतो पण पृष्ठभागच मोजतो, आणि पृष्ठभाग पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागेपर्यंत, येताना निवतो. सुई रबरात टोचून मोजणारा खरं सांगतो. प्रत्येक टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं तापमान घ्या. मधलं दोन्ही कडांपेक्षा जास्त असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा मधल्यापेक्षा गरम असतील तर हवा कमी. बाहेरची कड सगळ्यात गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय. आतली कड पाच-दहा अंशांनी गरम असेल तर तसंच असू द्या. बहुतेक दोनशेवाले साधारण ७० ते १०० अंशांच्या दरम्यान खूश असतात.

नायट्रोजनबद्दल हटकून विचारतात. कोरडी हवा असली की दाब अंदाजाप्रमाणे चढतो, ओलावा असला की जास्त. नायट्रोजनचा फायदा तो कोरडा असतो एवढाच. ट्रॅकवर दर सत्रानंतर गेज लावणाऱ्याला साधी हवा पुरते.

आणि घरी निघण्यापूर्वी हवा परत भरा. गरम असताना ३६ वर आणलेला टायर रात्री थंड झाला की २८ दाखवेल. तशाच टायरवर, सामानाने भरलेल्या गाडीत हायवेला लागायचं नसतं. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवा. व्हील नटही टॉर्क पान्याने सत्रांच्या अधूनमधून तपासत राहा, चाकं निवल्यावर.

पायरी ९: टायर काय सांगतोय ते वाचा

सत्रानंतर ट्रेडवरून तळहात फिरवा. नीट काम करणाऱ्या टायरचा पृष्ठभाग एकसारखा खरखरीत लागतो आणि कडेला खोडरबराच्या चुऱ्यासारखे बारीक काळे तुकडे जमलेले असतात. गुळगुळीत, चकचकीत, निळसर झाक दिसली तर रबर जास्त तापून कडक व्हायला लागलंय. ठोकळ्याचा लचकाच निघाला असेल, तर नव्या, पूर्ण खोलीच्या ट्रेडवर फार लवकर फार जोर लावला गेला. उंच ठोकळे वळणात डुलतात आणि त्या डुलण्यानेच आतून तापतात. म्हणून काही स्पर्धक नवे टायर मशिनवर घासून ट्रेड कमी करून घेतात. पावसाची शक्यता असलेल्या ठिकाणी हा प्रकार करू नका, आणि नवख्याला त्याची गरजही नाही.

बाहेरचा खांदा आधी संपत असेल तर टायरची दिशा बघा. बाण नसलेला आणि आत-बाहेर अशी खूण नसलेला टायर रिमवर उलटा बसवून घेता येतो, आणि त्याचं आयुष्य बरंच वाढतं. बाणवाला उलटवला तर गाडीच्या दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. आत-बाहेर खूण असलेला टायर उलटवायचा नाही, तो पुढे-मागे फिरवा.

हंगाम संपला की चाकं धुवा, खाचांतली खडी काढा, काळ्या पिशव्यांत बंद करून सावलीत, मोटार किंवा वेल्डिंगची ठिणगी नसलेल्या खोलीत ठेवा. ठिणगीतून तयार होणारा ओझोन रबर खातो. टायर चकचकीत करणारी द्रावणं लावू नका. तापमान शून्याखाली जात असेल तर हे टायर हलवूही नका. गोठलेलं मऊ रबर वाकवलं की त्याला भेगा जातात.

रस्त्यावर कायद्याने बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर ट्रेड लागतो. हे टायर त्याच्या बरंच आधी पावसात तरंगायला लागतात, म्हणून ३ मिलिमीटरच्या खाली गेले की ओल्या दिवशी त्यांच्यावर घराबाहेर पडू नका. कोरड्या ट्रॅकवर मात्र याच टप्प्यात ते सगळ्यात वेगवान असतात. प्रत्येक सत्रानंतर स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून पुढच्या टायरचा आतला खांदाही बघा, उभ्याने तो दिसत नाही. तिथे रबरातून कापडाचे धागे किंवा तारा डोकावत असतील तर त्या टायरचा दिवस तिथेच संपला. घरी जाण्यासाठी दुसरी चाकं लावा.